रेषीय फलाचे उभे स्थानांतरण

य = मक्ष + क या रेषीय फलाच्या (क्ष वरून य ठरवणारा आणि आलेख सरळ रेषा असणारा नियम) प्रत्येक किमतीत एकच स्थिर संख्या ट मिळवली की आलेख ट एकके वर सरकतो; ट ऋण असल्यास खाली. चढ म (क्ष एकाने वाढल्यास य मध्ये होणारी वाढ) तोच राहतो, य-अक्षावरील आंतरछेद (रेषा त्या अक्षाला जेथे छेदते तेथील य) क ऐवजी क + ट होतो. मूळ आणि सरकलेली रेषा परस्परांना समांतर असतात. त्यांच्यातील लंबांतर मात्र ट नसून |ट| ÷ √(१ + म²) असते. आडव्या रेषेखेरीज ते नेहमी |ट| पेक्षा कमीच भरते. म शून्य नसेल, तर रेषा ट/म एकके डावीकडे सरकवूनही हाच आलेख मिळतो. त्यामुळे नुसत्या दोन रेषा पाहून सरकणे उभे की आडवे, हे सांगता येत नाही. उच्च बीजगणितात आरंभबिंदूतून जाणाऱ्या फलालाच रेषीय म्हणतात. तेथे क शून्येतर होताच फल ‘अफाइन’ ठरते.

रेषीय फल आलेखाने दाखवण्याच्या कल्पनेच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. निकोल ओरेम (सु. १३२०–८२) या फ्रेंच विद्वानाने चौदाव्या शतकाच्या मध्यास एकसमान वाढणाऱ्या गुणाची (उदा. वेगाची) तीव्रता आकृतीने दाखवली. वाढ शून्यापासून सुरू होत असल्यास काटकोन त्रिकोण, काही तीव्रतेपासून सुरू होत असल्यास समलंब चौकोन. त्रिकोणाखाली आलेला आयत म्हणजे आजच्या भाषेत ट. यावरून विज्ञानाचा इतिहासकार प्येर द्यूएम याने ओरेमला फ्रेंच गणिती देकार्तचा पूर्वसूरी मानले. परंतु या आकृत्यांमागे समीकरण नाही, अक्षरांचे बीजगणितही नाही. त्यामुळे वैश्लेषिक भूमितीचा (समीकरणांनी आकृत्या मांडणारी भूमिती) आरंभ सतराव्या शतकात धरणारे मत अधिक ग्राह्य वाटते. देकार्तचा ग्रंथ १६३७ चा. त्याचा समकालीन फ्रेंच गणिती फेर्मा याचे लेखन बहुधा त्या ग्रंथाच्या किंचित आधीचे, पण छापले गेले १६७९ मध्ये. एकघाती समीकरण म्हणजे सरळ रेषा, हे फेर्माने स्पष्ट मांडले. त्याचे पहिले उदाहरण स्थिर पद नसलेले, म्हणजे आरंभबिंदूतून निघणारे आहे. ऋण निर्देशकांचा (बिंदूचे स्थान सांगणाऱ्या ऋण संख्यांचा) पद्धतशीर वापर दोघांकडेही नाही. रेषा अक्षाखाली सरकवण्याची कल्पना त्यांच्या आकृत्यांत शोधू नये.

व्यवहारातील प्रत्येक दरवाढ म्हणजे स्थानांतरण नव्हे. पुण्यात रिक्षाचे भाडे नोव्हेंबर २०२१ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २१ रुपये व पुढे किलोमीटरला १४ रुपये होते; सप्टेंबर २०२२ मध्ये ते २५ व १७ झाले. मीटर टप्प्याटप्प्याने पडतो, ते बाजूला ठेवले तर दीड किलोमीटरपुढे क्ष किलोमीटरचे जुने भाडे य = १४क्ष, नवे य = १७क्ष − ०.५ रुपये. किमान भाडे चार रुपयांनी वाढले, पण रेषा मागे वाढवल्यास आंतरछेद उलट पन्नास पैशांनी उतरला. खरा बदल चढात आहे. सामानाची ठरावीक आकारणी हे मात्र शुद्ध उभे स्थानांतरण होय. रात्रीचा टक्केवारीने लागणारा जादा आकार चढालाही गुणतो, म्हणून तो या प्रकारात बसत नाही.