अॅक्रिलिकची टाकी कोणत्याही स्टँडवर चालत नाही

"अॅक्रिलिक फुटत नाही, वजनालाही हलकं. काचेच्या टाकीचा जुना लोखंडी स्टँड आहे ना, त्यावरच ठेवा!" मोठा मत्स्यालय-टँक घेणाऱ्याला हा सल्ला वर्षानुवर्षं मिळतो आहे. तो चुकीचा आहे.

अॅक्रिलिक काचेच्या जवळपास निम्म्या वजनाचं असतं, हे खरं. पण खरा भार पाण्याचा. ६ बाय २ बाय २ फुटांच्या टाकीत काठोकाठ सुमारे ६८० लिटर, म्हणजे ६८० किलो पाणी मावतं. त्यात अॅक्रिलिक काचेपेक्षा कितीतरी जास्त वाकतं. फ्रेमवाल्या अनेक काचटाक्यांचा तळ अधांतरी असतो, भार कडांवर येतो, म्हणून नुसत्या अँगलच्या चौकटीवर त्या निभावतात. अॅक्रिलिकचा तळ तसा ठेवला की मधोमध झुकतो आणि ताण तळाच्या सांध्यांवर जातो. सांधा लगेच सुटतोच असं नाही. आधी केसासारख्या बारीक रेषा दिसू शकतात, गळती मागाहून. मग बोल लागतो टाकी बनवणाऱ्याला!

म्हणून चौकटीत आडवे अँगल घ्या, त्यावर तळभर जाड मरीन प्लाय आणि वर पातळ फोम. फोम वाळूचा खडा पचवतो, वाकडा स्टँड सरळ करत नाही. त्यासाठी पाणी भरण्याआधी स्पिरिट लेव्हल लावाच. विकत घेताना सांधे उजेडात धरून बघा, बुडबुड्यांची रांग दिसली तर सोडून द्या. आणि हात घालायला अडचण होते म्हणून वरची आडवी पट्टी कधीही कापून घेऊ नका. बाजू फुगण्यापासून तीच रोखते.