स्कूबाच्या सर्टिफिकेटला पोहणं किती यावं लागतं, आणि कागद नेमका कुठे अडतो

"पोहता येत नसलं तरी चालेल" असं जाहिरातीत वाचून लोक ओपन वॉटर कोर्सचे, म्हणजे स्कूबाच्या पहिल्या सर्टिफिकेटच्या कोर्सचे, पैसे भरून बसतात आणि तिथे गेल्यावर कळतं की आधी पोहून दाखवायचंय. ते वाक्य खोटं नाहीये, पण ते ट्राय डाइव्हसाठी आहे, म्हणजे इन्स्ट्रक्टर पूर्ण वेळ जवळ राहून तुम्हाला पाण्याखाली फिरवून आणतो त्याच्यासाठी. सर्टिफिकेट मिळाल्यावर तुम्ही इन्स्ट्रक्टरशिवाय, फक्त सोबतच्या दुसऱ्या डाइव्हरबरोबर 18 मीटरपर्यंत जाऊ शकता, म्हणून तिथे पोहणं यायलाच लागतं. जाहिरातीत हा फरक मोठ्या अक्षरात का लिहीत नाहीत कळत नाही, कितीतरी लोकांची सुट्टी आणि पैसे वाचले असते.

सर्टिफिकेट देणारी संस्था पॅडी असो की एसएसआय, अट साधारण सारखीच. न थांबता 200 मीटर पोहा, किंवा मास्क, फिन्स (पायाला लावायचे पंख), स्नॉर्केल (तोंडात धरायची श्वासाची नळी) लावून 300 मीटर जा. आणि त्याशिवाय 10 मिनिटं कशाचाही आधार न घेता पाण्यावर राहा. इथे खूप जण फसतात, त्यांना वाटतं फिन्स लावून 300 मीटर केलं की सगळं झालं. तसं नाही, तो 'किंवा' फक्त अंतरापुरता आहे, 10 मिनिटं सगळ्यांनाच करावी लागतात आणि तेव्हा फिन्स नसतात.

200 मीटर म्हणजे 25 मीटरच्या टँकमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत 8 वेळा. वेळेची अट नाही, कुठल्याही पद्धतीने पोहा, उताणं पोहलात तरी चालतं. वेळेवर गुण मिळतात ते डाइव्हमास्टरच्या, म्हणजे पुढच्या व्यावसायिक कोर्सच्या, 400 मीटरला, ते कुणाकडून तरी ऐकून नवीन माणसं उगाच घाबरतात आणि पहिले 50 मीटर जीव खाऊन पोहतात, मग धाप लागते आणि कठडा धरतात. वळताना भिंतीला हात लागला तर काही नाही, पण कठडा धरून दम खाल्ला की परत पहिल्यापासून. त्यामुळे कृपा करून सावकाश पोहा, अगदी बोलता येईल इतक्या सावकाश.

10 मिनिटांचंही तेच. हात पाय जितके जोरात माराल तितके लवकर थकाल. छातीत हवा भरलेली ठेवली की शरीर बऱ्यापैकी वर राहतं, उताणं पडून हात हलके हलवत राहायचं. काही जणांचे पाय खाली जातात, विशेषतः सडपातळ लोकांचे, त्यात बिघडलं काही नाही, पाय थोडे हलवा. तोंड पाण्याच्या वर राहिलं म्हणजे झालं.

पोहण्याच्या क्लासचं सर्टिफिकेट फाइलमध्ये लावून आणू नका, ते चालत नाही. इन्स्ट्रक्टरने स्वतः बघायला लागतं.

आता कागद, आणि खरी अडचण इथेच आहे. मेडिकल फॉर्मच्या पहिल्या पानावर 10 प्रश्न असतात. त्यातल्या 3, 5 किंवा 10 ला 'हो' म्हटलं की थेट डॉक्टरकडे, बाकीच्यांना 'हो' म्हटलं तर दुसऱ्या पानावरचे पोटप्रश्न, आणि त्यातल्या एकालाही 'हो' आलं तर परत डॉक्टरच. म्हणजे वय 45 च्या वर आहे एवढ्यानेच कुणी अडत नाही, पुढे सिगारेट, बीपी, कोलेस्टेरॉल वगैरे विचारतात त्यावर ठरतं. 3 नंबरचा प्रश्न नीट वाचा, त्यात विश्रांती न घेता 200 मीटर पोहणं जड जातं का असं उदाहरण दिलंय. तो दम किती टिकतो त्याबद्दल, तब्येतीबद्दल आहे. नुसतं पोहायला शिकलेलो नाही म्हणून लोक तिथे 'हो' करतात आणि डॉक्टर शोधत फिरतात. 10 वा प्रश्न चालू औषधांचा, तो विसरतातच.

डॉक्टरची सही त्याच फॉर्मच्या शेवटच्या पानावर हवी, लेटरहेडवर 'फिट आहे' लिहून आणलेली चिठ्ठी बहुतेक ठिकाणी परत करतात. म्हणून फॉर्म घरीच डाउनलोड करून भरा आणि निघायच्या आधी सही घ्या, समुद्रावर पोचल्यावर ऐनवेळी डॉक्टर कुठून आणणार. आणि सही टाळायला सगळीकडे 'नाही' करणारेही असतात. अस्थमा लपवून पाण्याखाली जाऊ नका हो, वर येताना फुफ्फुसातली हवा फुगते, ती कुठे अडकली तर जिवावर बेततं. कळकळीने सांगतोय.

मुलांना 10 वर्षं पूर्ण झाली की हा कोर्स करता येतो, पोहण्याची अट तीच, फॉर्मवर सही मात्र आई-वडिलांची लागते. काका किंवा मामाबरोबर पाठवत असाल तर सही केलेला फॉर्म त्यांच्याकडे आधीच द्या.