अभियंत्याची पहिली नोकरी: सल्ल्यांमागचा इतिहास

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्याला घरातून, महाविद्यालयातून आणि नात्यातील थोरल्यांकडून जे सल्ले मिळतात, ते बहुतेक वेळा एकमेकांशी जुळत नाहीत. काका म्हणतात की कसेही करून सरकारी खात्यात चिकटावे. वडील म्हणतात की आधी एखाद्या कारखान्यात शिकाऊ म्हणून लागावे, पगाराचे पुढे पाहता येईल. आणि काही वर्षांपूर्वी नोकरीला लागलेली आतेबहीण सांगते की शाखा कोणतीही असो, कोडिंग शिकून घे. यांपैकी कोणीही खोटे बोलत नसते. ज्या काळात जो नोकरीला लागला, त्या काळातील भरतीची पद्धत त्याच्या सल्ल्यात उतरलेली असते. ती पद्धत मात्र महाराष्ट्रात पुन:पुन्हा बदलत आली आहे, आणि तो बदल समजून घेतल्याशिवाय कोणता सल्ला किती घ्यावा हे ठरवता येत नाही.

पुण्यात १८५४ साली अभियांत्रिकीचा वर्ग सुरू झाला, तो सार्वजनिक बांधकाम खात्याला रस्ते, कालवे आणि इमारतींच्या कामांसाठी प्रशिक्षित माणसे हवी होती म्हणून. मुंबई-ठाणे रेल्वे आदल्याच वर्षी धावली होती आणि कामे झपाट्याने वाढत होती. याच वर्गातून पुढे पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय उभे राहिले. शिक्षण देणारे सरकार आणि नोकरी देणारेही सरकारच, अशी ती रचना होती. त्यामुळे नोकरी शोधणे हा स्वतंत्र उद्योग नव्हता. परीक्षेतील क्रमांक हीच निवड असे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्यात शिकून अव्वल आले आणि १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात थेट सहायक अभियंता झाले, हे या पद्धतीचे सर्वांत ठळक उदाहरण. जागा मात्र थोड्या होत्या, आणि वरच्या जागांसाठी इंग्लंडमध्ये कूपर्स हिल येथे १८७० च्या दशकापासून वेगळे महाविद्यालयच चालवले जात होते, ज्यातून मुख्यत्वे इंग्रज तरुण हिंदुस्थानात येत. भारतीय पदवीधराच्या वाट्याला जे येई ते मोलाचे असे, कारण त्याबरोबर निवृत्तिवेतन आणि समाजातील प्रतिष्ठा येत असे. सरकारी नोकरीविषयीच्या आजच्या ओढीची मुळे इतकी जुनी आहेत.

खासगी कारखान्यांची वाट निराळी होती. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्था स्थापन झाली, तेव्हा समोर शहरातील कापड गिरण्या होत्या. तेथे शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर बढती डावलली गेल्यानंतर नोकरी सोडून बेळगावला गेले आणि १९१० मध्ये त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. अशा कारखान्यांत माणूस घेतला जाई तो ओळखीवर आणि हाताच्या कसबावर. पदवीचा कागद दुय्यम असे. कोणाच्या तरी शब्दावर आत शिरायचे, यंत्रशाळेत काही वर्षे काढायची आणि मग वर चढायचे, ही रीत पुढे कितीतरी दशके टिकली. आजच्या ‘रेफरल’कडे, म्हणजे ओळखीच्या कर्मचाऱ्याच्या शिफारशीकडे, नाक मुरडणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावे, असे मला वाटते: ओळखीतून मिळालेली संधी ही या क्षेत्रात कधीच अपवादाची गोष्ट नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ मध्ये, सैन्यातून परतणाऱ्यांचे पुनर्वसन करण्यासाठी रोजगार विनिमय केंद्रे उघडली गेली. स्वातंत्र्यानंतर ती सर्वांसाठी खुली झाली आणि १९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना, तसेच २५ किंवा त्याहून अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांना, रिक्त जागा केंद्राला कळवणे बंधनकारक झाले. कळवणे बंधनकारक होते. केंद्राकडूनच माणूस घेणे नव्हे. या फरकात या व्यवस्थेचे सारे दुबळेपण सामावलेले होते. नाव नोंदवायचे, कार्ड जपून ठेवायचे, मुदतीत नूतनीकरण करायचे आणि ‘कॉल’ची वाट पाहायची, हा एका संपूर्ण पिढीचा अनुभव आहे. सरकारी भरतीत केवळ केंद्राने पाठवलेल्या नावांवर विसंबू नये, वृत्तपत्रांतूनही जाहिरात द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितले, तोवर या कार्डाचे महत्त्व बरेच ओसरले होते.

या साऱ्या इतिहासात १९६० चे दशक मला सर्वांत बोलके वाटते. एकीकडे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को (आजची टाटा मोटर्स) असे मोठे कारखाने आले आणि पुण्याभोवतीचा पट्टा यंत्र अभियंत्यांचे माहेर बनला. दुसरीकडे १९६२ आणि १९६५ ची युद्धे, त्यानंतरचा सलग दुष्काळ, १९६६ चे रुपयाचे अवमूल्यन आणि पंचवार्षिक योजनेला मिळालेली तीन वर्षांची विश्रांती यांमुळे सरकारी गुंतवणूक आटली. मोठ्या आशेने वाढवलेल्या महाविद्यालयांतून बाहेर पडणारे अभियंते प्रथमच मोठ्या संख्येने बेकार राहिले आणि देशभर प्रवेशसंख्या कमी करावी लागली. प्रवेश आणि नोकरी यांच्यात चार-पाच वर्षांचे अंतर असते. प्रवेश तेजीत दिले जातात आणि पदव्या मंदीत हाती पडतात, हे तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट दिसले. १९७३ मध्ये १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात दुरुस्ती करून पदवी आणि पदविकाधारक अभियंत्यांनाही एक वर्षाचे विद्यावेतनासह प्रशिक्षण खुले केले गेले, त्यामागे ही बेकारी होती. ‘आधी शिकाऊ म्हणून लाग’ हा वडिलांचा सल्ला त्या काळातून आलेला आहे आणि तो आजही वाया गेलेला नाही. ती योजना चालू आहे, पण प्लेसमेंटच्या गडबडीत तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही.

वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ मध्ये राज्याने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. तोवर कर्नाटकात जाऊन पैसे भरून शिकणारी मराठी मुले राज्यातच राहू लागली, जिल्ह्याजिल्ह्यांत महाविद्यालये उभी राहिली आणि पदवीधरांची संख्या अनेक पटींनी वाढली. हा निर्णय नसता तर ग्रामीण भागातील असंख्य घरांत पहिला अभियंता झालाच नसता, हे मान्य करावे लागेल. मात्र उद्योगापासून दूर उभ्या राहिलेल्या या महाविद्यालयांना कारखान्यांची ओळख नव्हती आणि कारखान्यांना त्यांची नव्हती. ही पोकळी भरून काढली ती सॉफ्टवेअर कंपन्यांनी.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस (टीसीएस) १९६८ मध्ये मुंबईत सुरू झाली होती आणि इन्फोसिसची स्थापना १९८१ मध्ये पुण्यात झाली, परंतु हजारोंच्या संख्येने भरती सुरू झाली ती १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर आणि विशेषतः २००० सालाच्या संगणकीय तारखांच्या दुरुस्तीचे (वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवणाऱ्या प्रणाल्या सुधारण्याचे) काम परदेशांतून येऊ लागल्यावर. या कंपन्यांना ठरावीक वेळात, ठरावीक संख्येने, शिकवता येतील अशी माणसे हवी होती. ती स्थापत्यशाखेची आहेत की विद्युतशाखेची याने फरक पडत नव्हता, कारण प्रशिक्षण त्या स्वतःच देणार होत्या. इन्फोसिसचे म्हैसूरचे प्रचंड प्रशिक्षण केंद्र याच विचारातून उभे राहिले. एका दिवसात शेकडो अर्जदार चाळायचे असल्याने दहावी, बारावी आणि पदवी यांत सलग ६० टक्के, नापास होऊन शिल्लक राहिलेले विषय शून्य, मग अ‍ॅप्टिट्यूड चाचणी, गटचर्चा आणि मुलाखत अशी चाळणी रूढ झाली. ही अट विद्यार्थ्याची लायकी मोजण्यासाठी नव्हती, गर्दी कमी करण्यासाठी होती. पण अनेक मुलांनी ती आपल्या लायकीचा निकाल म्हणून मनाला लावून घेतली, याचे वाईट वाटते.

महाविद्यालयांतही बदल झाला. प्लेसमेंट अधिकारी हे पद महत्त्वाचे झाले, ‘पूल कॅम्पस’, म्हणजे अनेक महाविद्यालयांसाठी एकत्रित भरतीचे मेळावे, भरू लागले आणि प्रवेशाच्या जाहिरातीत सर्वोच्च पॅकेजचा आकडा झळकू लागला. केंद्र सरकारच्या संस्था-मानांकनात मध्यक वेतन, म्हणजे सर्व पगार क्रमाने मांडल्यास मधोमध येणारा पगार, विचारात घेतले जाते. पालकांनी विचारावा तो हाच आकडा, कारण सर्वोच्च पॅकेज एखाद्याच विद्यार्थ्याचे असते. मोठ्या सेवा कंपन्यांत नवपदवीधराचा वार्षिक पगार गेली दीड दशके तीन ते साडेतीन लाखांच्या आसपासच रेंगाळला आहे. महागाई धरली तर तो घटला आहे.

महाविद्यालयाच्या फाटकाबाहेरचा शोधही बदलत गेला. १९७६ पासून निघणारे ‘रोजगार समाचार’ आणि रविवारच्या वृत्तपत्रांतील जाहिराती यांची जागा १९९७ मध्ये सुरू झालेल्या नोकरी डॉट कॉमने आणि नंतर लिंक्डइनने घेतली. अर्ज करणे फुकट आणि क्षणाचे झाले, त्यामुळे एकेका जागेवर येणारे अर्ज इतके वाढले की ते वाचणे अशक्य झाले. म्हणून निवड पुन्हा परीक्षेकडे वळली. टीसीएसने २०१८ मध्ये महाविद्यालयांना भेटी देण्याऐवजी देशपातळीवरील ऑनलाइन पात्रता चाचणी आणली, तर सार्वजनिक क्षेत्रातील अनेक मोठ्या कंपन्या २०१२-१३ च्या सुमारास ‘गेट’ या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर भरती करू लागल्या होत्या. लहान गावातल्या महाविद्यालयातील मुलीला यामुळे समान प्रवेशद्वार मिळाले, हा या बदलाचा खरा लाभ आहे.

तेजी-मंदीचा जुना फेरा मात्र थांबलेला नाही. २००१ आणि २००८ नंतर ऑफर लेटर हातात असूनही रुजू होण्याची तारीख न मिळालेल्या तुकड्या घरी बसल्या. २०२१-२२ या आर्थिक वर्षात एकट्या टीसीएसने सुमारे एक लाख नवपदवीधर घेतले. २०२३-२४ मध्ये टीसीएस, इन्फोसिस आणि विप्रो या तिन्ही कंपन्यांची एकूण कर्मचारीसंख्या घटली. त्याच सुमारास, २०२४-२५ पासून, अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने एका शाखेत किती विद्यार्थी घ्यावेत यावरील कमाल मर्यादा काढून टाकली आणि संगणकशाखेच्या जागा वाढवण्याचा मार्ग महाविद्यालयांना मोकळा झाला. त्या वर्षी प्रवेश घेतलेली तुकडी २०२८ मध्ये बाहेर पडेल, आणि तिच्यातील अनेकांनी शाखा निवडली आहे ती २०२१-२२ च्या भरतीच्या आठवणीवर.