खाजण शेती (गोवा)

भरती-ओहोटीच्या नद्यांकाठी बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीवरील भातशेती, मासेमारी व मिठागरांची गोव्यातील पद्धती. मांडवी व झुआरी यांच्या खोऱ्यांत ती विशेष आढळते. एकूण क्षेत्र सु. १८,००० हेक्टर मानतात.

पद्धतीच्या प्राचीनतेविषयी एकमत नाही. काही अभ्यासक ती तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची मानतात. मात्र हे अनुमान मुख्यतः समुद्रपातळीतील बदलांवर बेतलेले आहे आणि जमीन उघडी पडली म्हणजे तिला बांध पडला असे होत नाही. लेखी पुरावा बांदोडे येथे सापडलेल्या अनिर्जितवर्मा या राजाच्या ताम्रपटाचा. त्यात ‘खज्जन’ जमिनीच्या दानाचा उल्लेख येतो. ताम्रपटावर शकवर्ष दिलेले नाही. अक्षरवटिकेवरून (अक्षरांच्या वळणावरून) तो इ. स. सहाव्या शतकाच्या आसपासचा धरतात. निदान तेव्हापासून ही पद्धती होती, असे म्हणणे अधिक सुरक्षित. पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाच्या १५२६ च्या सनदेत (फोराल) गावकऱ्यांच्या ज्या रूढी नोंदल्या आहेत, त्या तेव्हाच जुन्या समजल्या जात.

बांध चिखल व पेंढ्याचा. लाटांचा मारा असेल तेथे बाहेरून जांभा दगड. बांधातील ‘मानस’ या दाराची लाकडी झडप वरच्या बाजूने टांगलेली असते. भरतीचे पाणी बाहेरून रेटले की ती मिटते. ओहोटीला आतले पाणी तिला ढकलून नदीत निघून जाते. मानसीमागील डोहास ‘पोंय’ म्हणतात. ओहोटीला मानसीच्या तोंडाशी जाळे लावून कोळंबी, शेवटे, काळुंदर धरतात. या हक्काचा लिलाव होतो. पहिल्या पावसाने खार धुऊन गेल्यावर कोरगुट, आसगो यांसारखे खारेपणा सोसणारे भात पेरतात. खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोके वेळीच न बुजवल्यास उधाणात बांध फुटतो.

बांधांची देखभाल पूर्वी ‘गावकरी’ या ग्रामसंस्थेकडे होती. १९६४ च्या कूळकायद्यानंतर ती कूळसंघांकडे गेली. मासेमारीचे उत्पन्न भाताहून वाढल्याने काही ठिकाणी खारे पाणी मुद्दाम आत घेतले जाते. खनिजवाहू बार्जांच्या लाटांनीही बांध खचले. पडीक खाजणात तिवरे माजतात.

कोकणातील ‘खार’ जमिनी याच जातीच्या. जुन्या कुलाबा जिल्ह्यात शिलोत्रदार बांध राखत आणि त्याबद्दल शेतकऱ्यांकडून धान्य घेत. महाराष्ट्रात खारभूमी विकासाचा कायदा १९७९ चा आहे.