अंग बाहेर येणे

आधार सैल पडल्याने गर्भाशय, मूत्राशय किंवा गुदाशय योनिमार्गात खाली उतरतो आणि पुढे योनिमुखाबाहेर दिसू लागतो. या विकाराला बोलीत ‘अंग बाहेर येणे’ आणि दवाखान्यात ‘प्रोलॅप्स’ म्हणतात. बाहेर आलेला गोळा म्हणजे पिशवीच (गर्भाशय), असा सरसकट समज आहे. पुष्कळदा मात्र तो योनीच्या पुढच्या भिंतीला फुगवून खाली आलेला मूत्राशय असतो (सिस्टोसील). मागची भिंत फुगली असेल तर तिच्यामागे गुदाशय असतो (रेक्टोसील). नेमके काय उतरले आहे यावर उपचार ठरतो.

ओटीपोटाच्या तळाशी जघनास्थीपासून (ओटीपोटाच्या पुढच्या हाडापासून) माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी असते. वरचा भार मुख्यतः तीच पेलते. गर्भाशयमुखाला मागे त्रिकास्थीकडे (माकडहाडाच्या वरच्या हाडाकडे) आणि बाजूंना बांधून ठेवणारे अस्थिबंध ही दुसरी फळी. बाळंतपणात, विशेषतः ते अडून लांबले किंवा चिमटा (फोर्सेप्स) लावावा लागला तर, ही झोळी हाडापासून सुटू शकते. मग सगळा भार अस्थिबंधांवर पडतो आणि ते वर्षानुवर्षे ताणत जातात. म्हणूनच इजा पंचविशीत होते आणि अंग दिसते ते बहुधा पाळी गेल्यावर. जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, लठ्ठपणा आणि रोजची जड उचल यांनी त्यात भर पडते. बाळंतिणीचे पोट आवळून बांधल्याने या झोळीला आधार मिळत नाही. फार घट्ट बांधले तर दाब उलट खालीच जातो. मूल न झालेल्या तरुणीतही कधी अंग उतरते. तिथे दोष अवयवांना जोडून धरणाऱ्या संयोजी ऊतीच्या जन्मजात दुबळेपणाचा असतो.

सकाळी बरे वाटते, संध्याकाळपर्यंत कंबर ओढल्यासारखी होते आणि खाली काहीतरी अडकल्याचे जाणवते. मूत्राशय खूप उतरला की मूत्रमार्ग दुमडतो. मग लघवी पूर्ण होत नाही आणि गोळा बोटाने आत सारून ती करावी लागते. हीच दुमड शिंकताना-खोकताना होणारी लघवीची गळतीही लपवते. अंग वर बसवल्यावर गळती सुरू झाली की रुग्णाला वाटते, उपचारच बिघडला. यासाठी गोळा आत ढकलून, मूत्राशय भरलेला असताना खोकायला लावून आधीच तपासणी करतात.

किती उतरले हे मोजण्याची १९९६ पासूनची पद्धत योनिपटलाच्या पातळीला शून्य मानते. सर्वांत खाली आलेला बिंदू त्या पातळीच्या १ सेंमी. वर ते १ सेंमी. खाली या पट्ट्यात असेल तर दुसरी पायरी. पहिल्या दोन पायऱ्यांत निदान १६ आठवडे व्यायाम करून पाहावा. वारा अडवताना जो स्नायू आवळतो तो आत आणि वर ओढायचा, जमेल तितके सेकंद (हळूहळू १० पर्यंत) धरायचा आणि तितकाच वेळ सैल सोडायचा. एका वेळी ८ आवळण्या, दिवसातून ३ वेळा. अमेरिकन डॉक्टर आर्नल्ड केगल यांनी १९४८ मध्ये हा व्यायाम मांडला. यात सर्वांत जास्त दिसणारी चूक म्हणजे श्वास कोंडून खाली जोर देणे, म्हणजे नेमके उलट काम. नितंब आणि मांड्या आवळूनही उपयोग नाही. स्नायू ओळखण्यापुरती लघवी एकदा मध्येच थांबवून पाहावी. त्याचा रोजचा व्यायाम करू नये. खोकण्याआधी स्नायू आवळायची सवय लागली की गळतीवरही फरक पडतो. पूर्ण बाहेर आलेले अंग मात्र व्यायामाने आत जात नाही.

त्यासाठी रिंग पेसरी, म्हणजे योनीत बसवून आधार देणारी कडी, असते. शस्त्रक्रिया नको असलेल्या, झेपणार नसलेल्या किंवा पुढे मूल हवे असलेल्या बाईसाठी हा चांगला उपाय आहे, पण आपल्याकडे तो फारच कमी सुचवला जातो. सिलिकॉनची कडी दुमडून आत सरकवतात. तिची मागची कड गर्भाशयमुखामागे आणि पुढची जघनास्थीआड बसते. कडी आणि भिंत यांच्यात एक बोट फिरले पाहिजे. घट्ट कडीने व्रण पडतात, सैल कडी निसटते. घरी पाठवण्यापूर्वी बाईला चालायला, खोकायला, लघवी करायला आणि उकिडवे बसायला लावावे. खाटेवर छान बसलेली कडी भारतीय शौचकूपावर बाहेर पडते, हा नेहमीचा अनुभव. योनिमुख फार रुंद असेल तर कडी टिकत नाही. पाळी गेलेल्या स्त्रीला सोबत इस्ट्रोजेनचे मलम देतात. कडी दर ३ ते ६ महिन्यांनी काढून, धुऊन, भिंती तपासाव्यात. वर्षानुवर्षे विसरलेली कडी भिंत कुरतडून मूत्राशयात किंवा गुदाशयात भोक पाडू शकते.

सतत बाहेर राहिलेल्या भागावर रक्त साचून व्रण होतो. अंग आत बसवून ग्लिसरीन-ॲक्रिफ्लेविन या जंतुनाशकाचा बोळा ठेवला की सूज उतरते आणि व्रण भरतो. न भरणाऱ्या व्रणाचा तुकडा तपासायला पाठवलाच पाहिजे.

शस्त्रक्रियेत ‘पिशवी काढून टाकणे’ हा उपचाराचा गाभा नव्हे. दोष आधाराचा असतो, पिशवीचा नाही. खालून पिशवी काढल्यावर अस्थिबंध योनीच्या वरच्या टोकाला शिवले नाहीत, तर पुढे ते टोकच खाली येते. मूल हवे असलेल्या तरुणींसाठी पिशवी राखण्याच्या शस्त्रक्रियांत मुंबईचा वाटा मोठा आहे. मँचेस्टर-फॉदरगिल पद्धतीत गर्भाशयमुखाचा भाग कापतात, त्यामुळे पुढे गर्भपात आणि अकाली प्रसूतीचा धोका वाढतो. गोव्यातील शिरोडा येथे १८९९ मध्ये जन्मलेले, मुंबईत काम केलेले डॉ. वि. ना. शिरोडकर यांनी ते न कापता अस्थिबंध आखूड करण्याची रीत आणली. पोटातून करायच्या त्यांच्या शस्त्रक्रियेत पट्टी गर्भाशयमुखाच्या मागच्या बाजूपासून त्रिकास्थीच्या उंचवट्यापर्यंत नेतात. डावीकडे मोठे आतडे आड येत असल्याने तिथली शिवण अवघड. पुरंदरे यांच्या नावाच्या पद्धतीत गर्भाशयमुख पोटाच्या पुढच्या स्नायूच्या आवरणाला टांगतात. बाई कुंथली की तोच स्नायू आवळून पिशवी वर ओढतो. ती सोपी आहे, पण पिशवी पुढे ओढली गेल्याने मागच्या पोकळीत आतडे उतरण्याची शक्यता राहते.

योनीतून आधारासाठी कृत्रिम जाळी बसवण्याची पद्धत वेदना आणि जाळी भिंतीतून बाहेर येण्याच्या तक्रारींमुळे मागे पडली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये प्रोलॅप्ससाठी अशा जाळ्यांची विक्री थांबवायला लावली. पोटातून त्रिकास्थीला जाळी बांधणे आणि गळतीसाठी मूत्रमार्गाखाली पट्टी घालणे या वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांना हा आदेश लागू नव्हता. वयस्क, शरीरसंबंध नको असलेल्या स्त्रीत ले फोर यांच्या १८७७ च्या पद्धतीने पुढची-मागची भिंत एकमेकींना शिवून योनी बहुतांशी बंद करता येते. मात्र नंतर गर्भाशयमुख तपासता येत नाही, म्हणून कर्करोगाची तपासणी आधी उरकावी.

शस्त्रक्रियेनंतर ६ आठवडे पाण्याचा हंडा, सिलिंडर, धान्याचे पोते यांना हात लावू नये. शौचाला कुंथावे लागू नये म्हणून सुरुवातीपासूनच सौम्य रेचक देतात. लघवीची नळी काढल्यावर लघवी झाली की मूत्राशयात किती उरली हे मोजूनच रुग्णाला घरी सोडतात.