पणजोबांच्या गावातील जुन्या नोंदी: नक्कल कुठून आणि कशी मिळवावी

कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यात स्थायिक होऊन तीन पिढ्या झाल्या, तरी पणजोबांची नोंद मूळ गावाच्या दप्तरातच राहते. म्हणून अर्ज लिहिण्याआधी तीन गोष्टी पक्क्या करा: मूळ गाव, त्या काळचा तालुका आणि अंदाजे साल. कोयना धरणामुळे उठलेली कुटुंबे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत वसवली गेली, पण त्यांचे धरणापूर्वीचे कागद सातारा जिल्ह्यातल्या पाटण, जावळी तालुक्यांच्या दप्तरांत शोधावे लागतात. जिल्हे फुटल्यानेही घोळ होतो. जालना आणि सिंधुदुर्ग 1981 मध्ये, लातूर आणि गडचिरोली 1982 मध्ये, हिंगोली आणि गोंदिया 1999 मध्ये वेगळे झाले. नव्या तहसीलमध्ये ‘आढळ होत नाही’ असे उत्तर मिळाले, तर गाव पूर्वी ज्या तालुक्यात होते तिथे अर्ज करा.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना नं. 14 मध्ये असतात. यालाच कोतवाल बुक म्हणतात. ही पुस्तके तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. 1969 च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानंतरच्या नोंदींसाठी ग्रामपंचायतीकडे जावे. वारसांची नावे हवी असतील तर जुने फेरफार, म्हणजे गाव नमुना नं. 6, सर्वांत उपयोगाचे. मृत खातेदार, त्याचे मुलगे, मुली, विधवा हे सगळे एकाच नोंदीत नात्यासकट सापडतात. शाळेचे जनरल रजिस्टर, ज्याला काही भागांत दाखल-खारीज रजिस्टर म्हणतात, शाळेतच असते. शाळा बंद पडली असेल तर पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारा.

अर्ज कोण करू शकतो? जमिनीचे अभिलेख आणि नकाशे ठरलेले शुल्क भरून कोणालाही पाहता येतात आणि त्यांच्या प्रमाणित नकला मिळतात, अशी तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 327 मध्ये आहे. खातेदाराचा वारस असणे सक्तीचे नाही. तरी अर्जात नाते लिहावे आणि आधारची प्रत जोडावी, शोध घेणाऱ्याला त्याचा उपयोग होतो.

साध्या कागदावर तहसीलदारांच्या नावे अर्ज करा, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लावा. गाव, नमुना क्रमांक, नोंद कोणाची आणि सालांची मर्यादा स्पष्ट लिहा. ‘आमच्या घराण्याच्या सर्व नोंदी मिळाव्यात’ असा अर्ज हमखास पडून राहतो, कारण अभिलेख कक्षात नावांची सूची नसते. पुस्तके गाव आणि सालाप्रमाणे बांधलेली असतात. पाच-सात वर्षांची मर्यादा दिली तर कारकून बस्ता सोडून पाहतो. आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय निघू नका.

आता नावे वाचण्याचा प्रश्न. बहुतेक शोध इथेच अडतात. जुन्या नोंदीत आडनाव पुष्कळदा नसते. ‘रामा बिन गोविंदा’ म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा. विदर्भाच्या कागदांत ‘बिन’ऐवजी ‘वल्द’ येते. ‘सखू कोम रामजी’ म्हणजे रामजीची बायको सखू, तिथेच ‘जौजे’ही दिसते. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसतेच, फक्त बापाचे नाव आणि मुलगा की मुलगी एवढेच. त्यामुळे आजोबांची जन्मनोंद शोधताना पणजोबांचे नाव आणि भावंडांचा क्रम ठाऊक हवा. घरातल्या वयस्कर माणसांना विचारून हा क्रम कागदावर मांडूनच तहसीलमध्ये जा.

साल इसवी सनातच असेल असेही नाही. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो. दख्खनी फसली या महसुली सालात 590, म्हणजे फसली 1357 हे 1947-48. मराठेकालीन कागदांतल्या शुहूर सनात 599 किंवा 600 मिळवतात. मराठवाडा सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, म्हणून तिथल्या कागदांत उर्दू आणि फसली साल नेहमी भेटते. बाकी ठिकाणी मोडी. तलाठी मोडी वाचून देईल अशी अपेक्षा ठेवू नका. जिल्हाधिकारी कार्यालयात मान्यताप्राप्त मोडी वाचकांची यादी मागा. लिप्यंतरावर त्यांची सही आणि शिक्का नसेल तर ते पुढे पुरावा म्हणून चालत नाही.

ब्रिटिश अमदानीच्या आधीचे कागद राज्याच्या पुराभिलेख संचालनालयात मिळतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात गावझाडे (गावच्या महसुलाचे हिशेब), इनामांचे आणि वतनांचे रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, आहेत. मुंबई, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही पुरालेखागारे आहेत. ओळखपत्र आणि अभ्यासाचा विषय लिहिलेला अर्ज द्यावा लागतो, विद्यार्थ्यांनी विभागप्रमुखांचे पत्र न्यावे.

तहसीलला जाण्याआधी भूमी अभिलेख विभागाचे ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळ जरूर पाहा. जुने सातबारा, आठ-अ आणि फेरफार स्कॅन केलेले असतील तर गावाप्रमाणे शोधता येतात आणि डिजिटल सहीची प्रत विकत घेता येते. एक अडचण मात्र तिथेही आहे. जमीन एकत्रीकरणानंतर जुन्या सर्व्हे नंबरांचे गट नंबर झाले. आजच्या गट नंबरावरून 1950 चा फेरफार सापडणार नाही. उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाच्या योजनापत्रकाची नक्कल घेऊन जुना नंबर काढावा लागतो.

अर्जाला महिनाभर उत्तर नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. त्यातही पानाची किंवा सालाची नेमकी मागणी करा, कारण नवी माहिती तयार करून देणे कार्यालयावर बंधनकारक नाही. पुस्तक जीर्ण झाले किंवा वाळवीने खाल्ले असेल तर तसे लेखी उत्तर मागून जपून ठेवा. दुसरा पुरावा सादर करताना ते लागते.

नक्कल हातात आली की खिडकीशीच तपासा. कोतवाल बुकाचे साल आणि गाव पुष्कळदा फक्त मुखपृष्ठावर असते, आतल्या पानावर नुसता दिवस आणि महिना. म्हणून मुखपृष्ठाची नक्कलही त्याच अर्जात मागा आणि दोन्हींवर सही, शिक्का आणि ‘खरी नक्कल’ असा शेरा आहे ना, ते पाहा.