दुचाकीचा विमा आणि देखभाल : आजच्या खर्चामागची ऐंशी वर्षं

दुचाकीची पॉलिसी एका बैठकीत लिहिली गेलेली नाही. थर्ड पार्टीची, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्याची, सक्ती स्वातंत्र्याआधीची, घसाऱ्याचा, म्हणजे भाग जुना झाला म्हणून भरपाईतून होणाऱ्या कपातीचा, तक्ता २००२ च्या दरपत्रकातला, ओन डॅमेजच्या (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या) दरातली मोकळीक २००७ ची, मालक-चालकाचा पंधरा लाखांचा अपघात विमा २०१८ चा. या काळात गाडी मात्र पार बदलली. पत्र्याची प्लॅस्टिकची झाली, कार्बोरेटरच्या जागी इंजेक्टर आला, आता तर इंजिनच जाऊ लागलंय. गाडी पुढे गेली आणि विम्याची भाषा मागे राहिली. गॅरेजचं बिल आणि कंपनीने मंजूर केलेली रक्कम यांत पडणारा फरक बहुतेक वेळा इथेच उगवतो, आणि तो मालकाच्या खिशातून जातो.

सुरुवात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यापासून. ब्रिटनने १९३० मध्ये थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला होता. त्याच धर्तीवर इथल्या कायद्याच्या आठव्या प्रकरणात ती तरतूद आली, पण अंमल सुरू झाला १ जुलै १९४६ पासून. हेतू एकच होता : रस्त्यावरचा तिऱ्हाईत माणूस गाडीखाली आला आणि गाडीवाल्याकडे दमडी नसली, तरी जखमीला किंवा त्याच्या घरच्यांना भरपाई मिळावी. म्हणजे सक्तीचा विमा मालकाच्या गाडीसाठी कधीच नव्हता. गाडी चोरीला गेली, जळाली, पडून मोडली, तर थर्ड पार्टी पॉलिसीतून एक रुपयाही मिळत नाही. आजही अनेकांना हे पहिल्या नुकसानीनंतरच कळतं.

दावे दिवाणी कोर्टात वर्षानुवर्षं अडकू नयेत म्हणून १९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय झाली. १९८८ चा नवा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. मृत्यू किंवा इजेच्या भरपाईला पॉलिसीत कमाल मर्यादा नाही. मृताचं वय, उत्पन्न आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसं पाहून रक्कम ठरते. साठ हजारांच्या गाडीने झालेल्या अपघातात भरपाई पन्नास लाखांची होऊ शकते. म्हणूनच थर्ड पार्टी प्रीमियम गाडीच्या किमतीवर ठरत नाही, इंजिनाच्या सीसीवर ठरतो, आणि पंधरा वर्षांची जुनी गाडी असली तरी कमी होत नाही. तिऱ्हाइताच्या मालमत्तेच्या नुकसानीला मात्र मर्यादा आहे. दुचाकीच्या नेहमीच्या पॉलिसीत ती एक लाख रुपये असते.

इथे मागे बसणाऱ्याचा प्रश्न येतो, आणि त्याकडे फार दुर्लक्ष होतं. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये टिळक सिंग प्रकरणात स्पष्ट केलं की नुसत्या कायद्यापुरत्या पॉलिसीत मागे बसलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. पॅकेज म्हणजे कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत (थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज एकत्र) ती येते, हे विमा नियामकाने २००९ मध्ये परिपत्रक काढून कंपन्यांना बजावलं. घरातलं माणूस रोज मागे बसत असेल, तर फक्त थर्ड पार्टी घेऊन वाचवलेले हजार-आठशे रुपये किती महाग पडू शकतात, हे यावरून लक्षात यावं.

१ जानेवारी १९७३ पासून सामान्य विम्याचं राष्ट्रीयीकरण लागू झालं. १०७ कंपन्यांच्या चार झाल्या : नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. दर ठरलेले, कुठल्याही कंपनीत जा, आकडा तोच. ही पद्धत खासगी कंपन्या आल्यावरही चालू राहिली. १ जुलै २००२ पासूनच्या दरपत्रकात देश दोन झोनमध्ये वाटला होता. अहमदाबाद, बंगळूर, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, दिल्ली आणि पुणे झोन ए मध्ये, बाकी सगळा देश बी मध्ये. पाच वर्षांपर्यंतच्या, दीडशे सीसीपर्यंतच्या दुचाकीला ए मध्ये आयडीव्हीच्या (विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) १.७०८ टक्के, बी मध्ये १.६७६ टक्के. १ जानेवारी २००७ पासून ओन डॅमेजचे दर मोकळे झाले, पण कंपन्यांच्या हिशेबात आधार म्हणून हेच आकडे अजून दिसतात. सवलत त्यावर दिली जाते. थर्ड पार्टीचा दर मात्र सरकारी नियंत्रणातच राहिला.

आजचा हिशेब असा बसतो. आयडीव्ही ६०,००० रुपये, झोन ए, दर १.७०८ टक्के : ओन डॅमेज १,०२५ रुपये. एक वर्ष दावा नसल्याने वीस टक्के एनसीबी (दावा न केल्याची सवलत) वजा केला की ८२०. १ जून २०२२ पासूनच्या दराने ७५ ते १५० सीसीसाठी थर्ड पार्टी ७१४. बेरीज १,५३४, त्यावर अठरा टक्के जीएसटी २७६, एकूण १,८१० रुपये. कंपनी स्वतःची सवलत देते ती फक्त ओन डॅमेजच्या भागावर. ‘प्रीमियमवर सत्तर टक्के सूट’ अशा जाहिरातीत थर्ड पार्टीचे ७१४ धरलेले नसतात. सीसीचा टप्पा ओलांडला की उडी मोठी आहे : १५० ते ३५० सीसीला १,३६६, त्यावर २,८०४. दीडशेच्या आतली आणि एकशे साठची गाडी यांत निवड करताना हा फरक दरवर्षी भरायचा आहे, हे धरून चालावं.

मालक-चालकाचा अपघात विमा आधी नावापुरता होता : दुचाकीसाठी एक लाखाचं संरक्षण, पन्नास रुपयांत. २०१८ मध्ये ते पंधरा लाख झालं आणि प्रीमियम ७५०. जानेवारी २०१९ पासून तो वेगळा घेण्याची मुभा मिळाली. दोन गाड्या असतील किंवा पंधरा लाखांची वैयक्तिक अपघात पॉलिसी आधीच असेल, तर दुसऱ्यांदा पैसे भरायचं कारण नाही. तसं लेखी जाहीर करावं लागतं एवढंच.

आता गॅरेजकडे. साठ-सत्तरच्या दशकांत स्कूटर नंबर लावून मिळत असे, तेही काही वर्षांनी. आकुर्डीची चेतक आणि पुण्याचीच लुना १९७२ च्या. नवी गाडी सहज मिळत नसल्याने आहे ती टिकवायची, आणि टिकवता येईल अशीच तिची रचना होती. टू-स्ट्रोक इंजिनात व्हॉल्व्ह नाहीत, टायमिंग चेन नाही. पेट्रोलमध्ये गाडीनुसार दोन ते चार टक्के ऑइल मिसळायचं. ऑइल जास्त पडलं की प्लग काळा होऊन स्पार्क बंद, कमी पडलं की पिस्टन जाम. जळलेल्या ऑइलचा कार्बन हेड, एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सरमध्ये साचत जायचा, गाडी दमायची, मग सायलेन्सर भाजून तो झाडायचा. कॉन्टॅक्ट पॉइंटचा गॅप ०.३ ते ०.५ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवायचा. पॉइंट जळाले की पॉलिश पेपर मारायचा, पुन:पुन्हा जळत असतील तर कंडेन्सर बदलायचा. सिलिंडर झिजला तर बोअर करून ०.२५, मग ०.५० मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन. पत्रा चेपला तर ठोकून, लांबी (पुट्टी) भरून, रंग मारून परत तसाच. कामं वारंवार निघत, पण प्रत्येक काम लहान आणि मजुरीचं. भाग फेकून नवा बसवण्याची वेळ क्वचित येई.

१९८५ मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी १०० आली आणि खर्चाचं गणित बदललं. ऑइल जळेनासं झालं, तर क्रँककेसमध्ये फिरू लागलं, आणि म्हणून ते बदलावं लागू लागलं. ज्यांचा हात टू-स्ट्रोकवर बसला होता त्यांना हा मुद्दा समजायला वेळ लागला. ऑइल बदललंच नाही म्हणून पिस्टन-रिंग, कॅम आणि टायमिंग चेन गेलेली इंजिनं त्या काळात गॅरेजमध्ये सर्रास येत. शंभर सीसीच्या इंजिनात जेमतेम एक लिटर ऑइल असतं, त्यातलं पाव लिटर कमी झालं तरी हेडला पुरत नाही. डिपस्टिक पाहायची ती गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करून. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत ती नुसती टेकवून पाहतात, आटे न फिरवता.

गिअरलेस स्कूटर रुळल्यावर आणखी एक चूक वाढली. मोटारसायकलचा क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो, म्हणून तिला जासो या जपानी मानकाच्या एमए किंवा एमए-२ दर्जाचं ऑइल लागतं. स्कूटरचा क्लच कोरडा, तिला एमबी चालतं. एमबीमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. ते मोटारसायकलमध्ये ओतलं की क्लच प्लेट घसरतात, चढावर इंजिन ओरडतं आणि गाडी पुढे सरकत नाही. मग प्लेट खराब म्हणून बदलल्या जातात, आणि ऑइल तेच राहिलं तर त्रासही तोच राहतो. डब्याच्या मागे दर्जा छापलेला असतो, तो वाचावा. स्कूटरचं मागचं गिअर ऑइल वेगळं, साधारण १०० ते १२० मिली; ते वर्षानुवर्षं विसरलं जातं. व्हेरिएटरचा (गिअरऐवजी वेग आपोआप जुळवणाऱ्या भागाचा) बेल्ट साधारण २० ते २५ हजार किलोमीटरला बदलतात. तो रस्त्यात तुटला तर गाडी ढकलत न्यायची, दुसरा उपाय नाही.

एअर फिल्टरचंही असंच. जुना स्पंजचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, ऑइल लावून परत बसवत. नव्या गाड्यांतला कागदी फिल्टर बहुधा ऑइल लावलेलाच येतो. तो धुवायचा नाही, हवाही मारायची नाही; हवेने ऑइलचा थर जातो आणि धूळ थेट सिलिंडरमध्ये.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-सहा हे धुराचं नवं मानक आलं आणि बहुतेक कार्बोरेटर गेले. जेट साफ करण्याचं काम संपलं. त्या जागी फ्युएल पंप, इंजेक्टर, ऑक्सिजन सेन्सर आणि ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक) आले. हे भाग सहसा दुरुस्त होत नाहीत, बदलावेच लागतात. पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून सदैव रिझर्व्हवर गाडी चालवणं आता खरंच महागात पडतं. बॅटरी पूर्ण उतरली तर पंपाला दाब देता येत नाही, मग किक असूनही गाडी सुरू होईलच असं नाही. सर्व्हिसिंगची वारंवारता कमी झाली, पण एकेका बिघाडाची किंमत वाढली.

याच काळात पत्र्याच्या जागी प्लॅस्टिक आलं, आणि इथे गॅरेजचं बिल घसाऱ्याच्या तक्त्याला भिडतं. तक्त्याप्रमाणे रबर, नायलॉन, प्लॅस्टिक, टायर-ट्यूब आणि बॅटरीवर सरसकट पन्नास टक्के कपात. गाडी महिन्याभराची असली तरीही. धातूच्या भागांवर वयाप्रमाणे : पहिले सहा महिने शून्य, एक ते दोन वर्षांत दहा, दोन ते तीन वर्षांत पंधरा टक्के. समजा अडीच वर्षांची स्कूटर घसरून पडली. प्लॅस्टिकचे पॅनल आणि हेडलाइट ४,००० रुपये, धातूचे भाग १,०००, मजुरी ६००, बिल ५,६००. कंपनी देते २,००० अधिक ८५० अधिक ६००, त्यातून सक्तीची वजावट १००, म्हणजे ३,३५०. उरलेले २,२५० मालकाचे. चेतकवर हेच काम ठोकाठोकीचं, म्हणजे बरंचसं मजुरीचं होतं, आणि मजुरीला घसारा लागत नाही. झिरो डेप हे जादा पैशांचं संरक्षण (ॲड-ऑन) घेतलं तर ही कपात टळते, पण वर्षात किती दावे चालतील आणि किती वर्षं जुन्या गाडीपर्यंत ते मिळेल, हे कंपनीगणिक बदलतं.

दावा करण्याआधी एनसीबीचंही गणित करावं. टप्पे २०, २५, ३५, ४५, ५० टक्क्यांचे. या स्कूटरला पुढच्या नूतनीकरणात ३५ टक्के मिळाले असते. दावा केला की शून्य, आणि शिडी पहिल्यापासून. पुढच्या पाच नूतनीकरणांतला फरक ३५, २५, २५, १५ आणि ५, मिळून १०५ टक्के. म्हणजे साधारण एका वर्षाचा पूर्ण ओन डॅमेज प्रीमियम, वरच्या उदाहरणात हजार रुपयांच्या आसपास. आयडीव्ही उतरत असल्याने थोडा कमीच. कंपनीकडून मिळणारी रक्कम याहून फारशी जास्त नसेल, तर काम स्वतःच्या पैशाने करून मोकळं व्हावं. एनसीबी माणसाचा असतो, गाडीचा नाही. गाडी विकली तरी तो नव्या गाडीला नेता येतो. पॉलिसी संपून नव्वद दिवस उलटले की मात्र तो जातो.

विमा चालू ठेवण्यात दुचाकीवाले मागे पडतात म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो. ७५ ते १५० सीसीला २०२२ च्या दराने ३,८५१ रुपये. सोबतचा ओन डॅमेज बहुधा एकाच वर्षाचा असतो, कारण पाच वर्षांचं पूर्ण पॅकेज ऑगस्ट २०२० पासून बंद झालं. पॉलिसीवर दोन तारखा असतात. पाच वर्षांची पाहून लोक निर्धास्त होतात आणि दुसऱ्या वर्षी गाडी चोरीला गेली की काहीच हाती लागत नाही. विम्याशिवाय गाडी चालवल्यास १ सप्टेंबर २०१९ पासून दंड पहिल्या वेळी दोन हजार, पुन्हा सापडल्यास चार हजार, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद.

इलेक्ट्रिक स्कूटरला सीसीऐवजी किलोवॅटचे टप्पे आहेत आणि थर्ड पार्टीत पंधरा टक्के सूट : तीन ते सात किलोवॅटला ७१४ च्या जागी ६०७. ऑइल, प्लग, एअर फिल्टर, व्हेरिएटरचा बेल्ट, काहीच नाही. उरतात ब्रेक, टायर, बेअरिंग, कोनसेट (हँडलचं बेअरिंग). पण घसाऱ्याच्या तक्त्यातला ‘बॅटरी’ हा शब्द लिहिला गेला तेव्हा समोर होती बारा व्होल्टची छोटी शिसे-आम्लाची बॅटरी. तोच शब्द आता गाडीतल्या सगळ्यात महागड्या लिथियम पॅकला लागू होतो, म्हणजे कपात निम्मी. शिवाय आपोआप झालेला विजेचा किंवा यांत्रिक बिघाड मूळ पॉलिसीत येतच नाही. तेव्हा पॉलिसी घेताना तीन गोष्टी लेखी विचाराव्यात : आयडीव्हीत बॅटरी आणि चार्जर धरले आहेत का, झिरो डेपमध्ये बॅटरी येते का, आणि पाणी शिरून किंवा चार्जिंग करताना शॉर्ट सर्किट होऊन झालेलं नुकसान कोणत्या ॲड-ऑनखाली मिळेल.